अमेरिकेतल्या प्रोग्रेसिव्ह काळावर पॉडकास्ट: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: साधारण १८९० ते १९२० या काळातल्या समाजसुधारणांवर अर्ध्या तासाचा भाग करायचा आहे. थिओडोर रूझवेल्टपासून सुरू केलं की राष्ट्राध्यक्षांचं चरित्र होऊन बसतं. दुसरं कुठलं टोक धरावं?

प्रतिसाद १: ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्याची आग घ्या. न्यूयॉर्क, २५ मार्च १९११, १४६ बळी, बहुतेक स्थलांतरित तरुणी. माणसं का मेली ते नीट सांगा: नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता, बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला, अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. मालक खटल्यातून सुटले. पण राज्याने चौकशी आयोग नेमला आणि आगीच्या कवायती, स्प्रिंकलर, कामाचे तास यांवर कायदे झाले. ही आग प्रत्यक्ष पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये कामगारमंत्री झाल्या. हा धागा सोडू नका.

प्रतिसाद २: आगीनेच सगळं सुरू झालं असं मात्र वाटू देऊ नका. शिकागोचं हल हाऊस, म्हणजे गरीब आणि स्थलांतरित वस्तीतलं समाजसेवा केंद्र, १८८९ चं. शिवाय कायदा झाला म्हणजे तो टिकला असं नाही: बालमजुरीविरोधी केंद्रीय कायदा १९१६ मध्ये आला, १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

प्रतिसाद ३: आणि काळी बाजू शेवटच्या दोन मिनिटांत उरकू नका. सक्तीच्या नसबंदीचा इंडियानाचा १९०७ चा कायदा, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत केंद्रीय कचेऱ्यांत वाढलेला वर्णभेद, हेही याच काळातलं.