गावठी कोंबडीच्या पिल्लांना कडुलिंबाचा अर्क चालतो काय?

खानापूरवाला: परसात गावठी पिल्लं आहेत, शेजारचे काका म्हणाले कडुलिंबाचा अर्क पाण्यातनं द्या जंत जातात, मानमोडी (राणीखेत रोग) पण येत नाही म्हणे. बाटलीवर डोसच लिहिलेला नाही, देऊ काय?

निपाणीकर: पाला आणि अर्क एक नव्हे भावा. चार पानं टोचली तर काय होत नाही, अर्कात सगळं दाट उतरतंय, जास्त झालं की वजन थांबतंय, लिव्हर-किडनीला पण त्रास. वर कडू पाणी पिल्लं पीतच नाहीत, उन्हाळ्यात कशी जगणार?

बेळगाव साईड: मानमोडी व्हायरसची आहे ओ, अर्कानं कुठली थांबते! पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात एक थेंब, लस बर्फातनंच आणा.

खानापूरवाला: आणि जंताला?

निपाणीकर: ताजी शिट सरकारी जनावरांच्या दवाखान्यात तपासून घ्या, मग औषध.