शब्दचर्चा: आयकॉनची 'क्रिस्प' कड

प्रश्न

चित्रं काढायच्या एका सॉफ्टवेअरचा मेनू मराठीत आणतोय. त्यात 'अलाइन टू पिक्सेल ग्रिड' अशी आज्ञा आहे आणि तिच्याखाली मदतीची एक ओळ: आयकॉनच्या कडा क्रिस्प (स्वच्छ, न पसरलेल्या) दिसाव्यात म्हणून ही वापरा, असा आशय. यंत्रानं तिचं मराठी असं केलंय: 'कुरकुरीत कडांसाठी पिक्सेल ग्रिडशी संरेखित करा.' कुरकुरीत जाणार हे नक्की. त्या जागी धारदार, तीक्ष्ण, ठळक, सुस्पष्ट यांपैकी काय घ्यावं? आणि 'संरेखित' चालेल का?

प्रतिसाद १

चारही नकोत. ठळक म्हणजे गडद किंवा जाड, आणि इथे तर बिघडलेली रेषच जास्त जाड दिसते. धारदार, तीक्ष्ण म्हटलं की टोक डोळ्यांपुढे येतं. सगळे कोपरे गोलसर असलेला आयकॉनही क्रिस्प असू शकतो. सुस्पष्ट हा शब्द अर्थाला लागतो. आयकॉन सुस्पष्ट आहे म्हणजे तो कशाचा आहे ते कळतं.

शब्द ठरवण्याआधी पडद्यावर काय होतं ते पाहू. पडदा फरशीसारखा आहे असं धरा: एकेक फरशी म्हणजे एक पिक्सेल, आणि त्यांचे सांधे म्हणजे ग्रिड. एक फरशी अर्धी रंगवता येत नाही, रंगवायची तर पूर्ण. १ पिक्सेल जाडीची काळी उभी रेष नेमकी दोन फरश्यांच्या सांध्यावर काढली, तर तिची अर्धी जाडी डावीकडे जाते, अर्धी उजवीकडे. पडदा मग दोन्ही फरश्या करड्या रंगवतो. एक काळी रेष हवी होती, मिळाली दोन पिक्सेल रुंद फिकी पट्टी. रेष अर्धा पिक्सेल सरकवली की ती एका फरशीत पूर्ण बसते आणि काळी दिसते. सगळा खेळ या अर्ध्या पिक्सेलचा.

म्हणून मला 'रेखीव' योग्य वाटतो. आपण 'आखीव-रेखीव' म्हणतो, त्यात कड जिथे संपायची तिथे संपते हा भाव आहेच. याच्या उलट 'पुसट' म्हणावं, 'धूसर' नको. धूसर म्हटलं की कॅमेऱ्याचा फोकस चुकल्यासारखं वाटतं. इथे फोकस वगैरे काही नाही, रंग दोघांत वाटला गेलाय इतकंच.

प्रतिसाद २

रेखीवला माझी हरकत नाही, पण एक घोळ होईल. एसव्हीजीमध्ये (वेबवरची चित्रं रेषा-आकारांच्या रूपात लिहायची पद्धत) 'शेप-रेंडरिंग' नावाचा गुणधर्म आहे आणि त्याचं एक मूल्य 'क्रिस्पएजेस' आहे. ते दिलं की ब्राउझर सहसा कडेचे करडे पिक्सेल टाकणंच बंद करतो. आडव्या-उभ्या रेषा स्वच्छ होतात, पण वर्तुळ आणि तिरप्या रेषा दातेरी होतात. त्याला रेखीव म्हणवत नाही! 'अलाइन टू पिक्सेल ग्रिड' करड्या पिक्सेलांना हात लावत नाही. सरळ कडा अशा जागी नेते की तिथे करड्याची गरजच उरत नाही. तिरप्या रेषेला ते करडे पिक्सेल हवेच असतात. मेनूत दोन्ही गोष्टी असतील तर दोघींना एकच शब्द देऊ नका.

प्रतिसाद ३

आता 'संरेखित'. हा शब्द मजकूर डावीकडे-उजवीकडे लावण्यासाठी आधीच वापरात आहे. तीन आयकॉन एका ओळीत लावणं वेगळं आणि एका आयकॉनची कड ग्रिडवर टेकवणं वेगळं. दुसऱ्यासाठी 'बसवणे' हे साधं क्रियापद पुरेसं आहे. 'ग्रिड' तसंच ठेवा, जाळी म्हटलं की छिद्रं आठवतात. 'स्नॅप'ला 'चिकटणे' बरा: काढता काढता बिंदू ग्रिडला चिकटतो, आणि काढून झालेली आकृती आपण ग्रिडवर बसवतो.

पण बसवायचं काय, हे लिहिलं नाही तर वाचणारा हमखास फसेल. 'रेष ग्रिडवर बसवा' असं वाचून तो रेषेचा मध्य ग्रिडवर ठेवेल. रेषेची जाडी मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरते. जाडी २ असेल तर कडा ग्रिडवर येतात, ठीक. जाडी १ असेल तर वर सांगितलेली फिकी पट्टी हाती येते. तेव्हा मध्य ग्रिडवर नको, दोन ग्रिडरेषांच्या मधोमध हवा. कडा मात्र ग्रिडवरच हव्यात. म्हणून वाक्यात 'रेष' नको, 'कड' हवी.

हेच अधिक चिन्हात अडतं. २४ बाय २४ च्या चौकोनाचा मध्य १२ वर, म्हणजे ग्रिडरेषेवर येतो. तिथे १ जाडीचा उभा दांडा ठेवला तर पुसट होतो, सरकवला तर मध्यात राहत नाही. दांडा २ जाडीचा करा, नाहीतर चौकोन २५ चा घ्या. शब्द कितीही चांगला शोधला तरी याला तिसरा उपाय नाही.

(थोडं विषयांतर: फॉन्टमध्ये हेच काम 'हिंटिंग' करतं. १९९१ साली अ‍ॅपलच्या सिस्टिम ७ बरोबर ट्रूटाइप आलं, त्यात अक्षरांच्या कडा पिक्सेलवर आणणाऱ्या सूचना फॉन्टमध्येच लिहिता येत. लहान आकारात देवनागरीची शिरोरेषा कधी काळी तर कधी करडी, जाडसर दिसते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.)

प्रश्नकर्ता

मग असं लिहितो: 'आयकॉनच्या कडा पिक्सेल ग्रिडवर बसवा. त्या नेहमी रेखीव दिसतील.'

प्रतिसाद २

'नेहमी' काढा. २४ चा आयकॉन दीडपट घनतेच्या पडद्यावर ३६ पिक्सेलचा होतो. ३ वरची कड ४.५ वर जाते आणि पुन्हा पुसट होते. ४ वरची ६ वर जाते, ती टिकते. दुप्पट घनतेत मात्र पूर्णांकावरची कुठलीच कड बिघडत नाही. १६ पिक्सेलला लहान केलं तर २ ची जाडी १.३३ होते, तिथे आयकॉन वेगळाच काढावा लागतो. 'मूळ मापात रेखीव दिसतील' एवढंच म्हणा.

प्रतिसाद ३

आणि 'सरळ कडा' म्हणा. नाहीतर कुणीतरी वर्तुळ घेऊन तक्रार करायला येईल.