पेंटबॉल मार्करला (पेंटबॉलच्या गनला) निळा-काळा मॅट फेड करायचाय, अ‍ॅनो (अ‍ॅनोडायझिंग) की पावडर कोट?

निळाबोल्ट:
मंडळी, सेकंडहँड मार्कर घेतलाय, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, चकचकीत काळी, पण फीडनेकखाली (बॉल आत पडतात त्या नळीखाली) आणि ट्रिगर गार्डपाशी रंग घासून पांढरा धातू दिसतोय. मला पुढून निळा आणि मागे जाता जाता काळा होत जाणारा मॅट फेड हवाय. एक मित्र म्हणतो पावडर कोट कर, दुसरा म्हणतो घरीच स्प्रे मार. हवेचा टँकपण मॅचिंग केला तर भारी दिसेल. काय करू?

ओरिंग_६८:
पावडर कोट (पावडर फवारून ओव्हनमध्ये भाजलेला रंग) बॉडीला अजिबात नको. थर सहज ६० ते १०० मायक्रॉनचा बसतो, तो थ्रेडमध्ये किंवा बॉल पुढे ढकलणारा बोल्ट पळतो त्या बोअरमध्ये (आतल्या पोकळीत) गेला की बोल्ट अडकलाच समज. स्प्रे मैदानातल्या बंकरला (आडोशाला) घासून थोड्याच दिवसांत निघतो.

तुला हवाय तो फेड अ‍ॅनोचाच. सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या बाथमध्ये करंट सोडला की अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर तयार होतो, त्याला बारीक छिद्रं असतात, डाय त्या छिद्रांत मुरतो आणि शेवटी सील करून छिद्रं बंद करतात, म्हणून तो पेंटसारखा सोलून निघत नाही. फेडसाठी आधी सगळी बॉडी निळी करतात, मग मागची बाजू काळ्या डायमध्ये धरून सावकाश वर-खाली करत राहतात, हात थांबला की तिथे सरळ रेघ उमटते! कारागिराचा हात कळतो तो इथेच, त्यामुळे आधी केलेले फेड बघूनच काम दे.

आणि एक, अ‍ॅनो काही झाकत नाही. खालचा ओरखडा रंगातूनही दिसतो. आधी जुना अ‍ॅनो कॉस्टिक सोड्यात उतरवायचा, ओरखडे पॉलिश पेपरने घासायचे आणि मॅटसाठी ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा) करायचं. पण जुना थर मुळात त्याच धातूतून तयार झालेला असतो, तो उतरवला की थोडा धातूही जातो. म्हणून बोअर आणि थ्रेड प्लग करून घ्यायला आधीच सांग, नाहीतर बोल्ट ढिला होऊन हवा लीक व्हायला लागेल.

मॅटफिनिश:
वरच्याशी सहमत. फक्त ग्रिप फ्रेम कास्ट आहे का ते बघ. कास्टिंगमध्ये सिलिकॉन जास्त असतं, अ‍ॅनो केला की राखाडी, डागाळलेली दिसते. बॉडी ६०६१ या अ‍ॅल्युमिनियम अलॉयची आणि फ्रेम दुसऱ्या अलॉयची असेल तरी एकाच डायमध्ये दोन वेगळे निळे येतात. सगळे पार्ट एकाच बॅचमध्ये दे, तरी अलॉय वेगळं असेल तर थोडा फरक राहणारच.

निळाबोल्ट:
फ्रेम कास्टच वाटतेय, आतून खडबडीत आहे. मग तिचं काय? आणि टँकचं कोणी बोललंच नाही.

ओरिंग_६८:
फ्रेमला सेराकोट (सिरॅमिक असलेला पातळ कोट) कर. साधारण २५ मायक्रॉनचा थर, फवारून ओव्हनमध्ये क्युअर करतात, खालचा धातू दिसत नाही त्यामुळे कास्टिंगला उत्तम. मॅट काळा घे, बॉडीच्या मागच्या काळ्याशी छान जुळेल, निळा जुळवत बसू नकोस.

टँकला हात लावू नकोस, हे कळकळीने सांगतोय. अ‍ॅल्युमिनियमचा टँक जास्त तापवला की धातूची ताकद जाते आणि बाहेरून काही कळत नाही, कार्बन फायबरवर थिनर किंवा पेंट रिमूव्हर गेला तर रेझिन खराब होतं. वर टेस्टची तारीख आणि प्रेशरचे आकडे असतात ते वाचता आलेच पाहिजेत. निळं कव्हर घाल, काम झालं.

मॅटफिनिश:
देण्याआधी सर्किट बोर्ड, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), आय (बॉल आत आला का ते बघणारा सेन्सर), डिटेंट (बॉल आधीच पुढे घसरू न देणारा अडसर), सगळ्या ओरिंग काढ. स्टीलचा एकही स्क्रू किंवा पिन बॉडीत राहू देऊ नकोस, अ‍ॅनोच्या बाथमध्ये स्टील खराब होतं आणि बॉडीचंही काम बिघडतं. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ, आय कव्हरखालचा छोटा बॉल डिटेंट हमखास उडून हरवतो.

निळाबोल्ट:
ठरलं, बॉडी अ‍ॅनो, फ्रेम सेराकोट, टँकला कव्हर. आज खोलायला घेतो, आयपासून सुरुवात करतो.