वरच्या खोलीतला उकाडा आणि अकोल्याहून येणारी मंडळी (इंग्लंडमधल्या मराठी मंडळाच्या मेल-यादीवरून)

प्रेषक: रेडिंगकर

नमस्कार मंडळी,

कुणाकडे पडून असलेला उभा पंखा आहे का? पुढच्या शनिवारी आई-बाबा अकोल्याहून येतायत आणि आमची पाहुण्यांची खोली म्हणजे माळ्यावर काढलेली खोली. काल रात्री अकरा वाजता तिथे ३१ अंश होते, बाहेर १९. दुकानांतले पंखे उकाडा सुरू झाल्या झाल्या संपले, आता पुढच्या महिन्यात येतील म्हणतात. म्हणजे थंडी पडल्यावर.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसले. म्हणे, "३१ ला आमच्याकडे कूलर बंद करतात."

यात माझा स्वार्थही आहे, लपवत नाही. जुलैअखेर मुलांच्या शाळेला सुट्टी लागते, आम्ही दोघंही नोकरीवर. सहा आठवडे आजी-आजोबा आहेत या भरवशावर हॉलिडे क्लबचे (सुट्टीत दिवसभर मुलं सांभाळतात तो) पैसे भरलेले नाहीत. तेव्हा त्यांची झोप नीट व्हायलाच हवी.

— रेडिंगकर


प्रेषक: स्लाऊच्या काकू

पंखा आहे, घेऊन जा. परत मात्र आण. २०२२ च्या उकाड्यात दिलेला एक पंखा अजून मंडळातल्या कुठल्या तरी घरी वारा देतोय. नाव घेत नाही, ते ही मेल वाचतातच.

पंख्यापेक्षा महत्त्वाचं सांगते. आल्या दिवशी त्यांना घर दाखव. आपल्याला सवय झालीय, पण इथली घरं विक्षिप्तच. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बाथरूममध्ये दोन दोऱ्या लोंबताना पाहून त्यांनी दोन्हींना हात लावायचा नाही असं ठरवलं. एक दिव्याची, एक शॉवरची. दुसरी ओढल्याशिवाय शॉवरला वीजच मिळत नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं. बिचाऱ्या अंधारात गार पाण्याने अंघोळ करून आल्या आणि "छान झाली" म्हणाल्या. मग बादली मागितली. बादली शोधायला आम्ही बागकामाच्या दुकानात गेलो! ती आजतागायत घरातली सर्वांत कामाची वस्तू आहे.

बेसिनच्या दोन नळांचंही सांग. एक चटका देतो, एक बर्फ. कोमट पाणी हवं असेल तर दोघांमध्ये हात झपाझप फिरवायचे.

आणि हो, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. हिवाळ्यात इडलीचं पीठ मी तिथेच ठेवते, फुगतं सुरेख. सवयीने परवाही ठेवलं. सकाळी टॉवेलांवर इडली पसरली होती.

— काकू


प्रेषक: मिल्टन कीन्सचे नाना

रेडिंगकर, वडिलांना हसू द्या. माळ्यावर एक रात्र काढली की थांबेल. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे खरं, पण तिथलं घर उन्हाशी भांडायला बांधलेलं असतं. आपलं घर ऊब धरून ठेवायला बांधलंय आणि ते काम ते इमानेइतबारे करतं, जुलैतसुद्धा.

उन्हाचा कोन बघा. मेच्या अखेरीकडे अकोल्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो. ऊन पडतं ते गच्चीवर, भिंतींवर फारसं नाही, खिडकीतून आत तर जवळजवळ नाहीच. इथे ऐन जूनमध्येही सूर्य ६२ अंशांच्या वर चढत नाही. तो तिरपाच असतो, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या काचेतून सरळ गादीवर येऊन बसतो. तिकडे सातला मावळतो, इथे सव्वानऊला. घराला गार व्हायला वेळच कुठे मिळतो? पहाटे पाचच्या आत पुन्हा हजर. त्यात तुमची खोली छपराखाली, वर तापलेली कौलं, आणि छतात तिरकी खिडकी.

म्हणून सावली काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर ते काच ओलांडून आत आलेलं असतं आणि पडदाच तापतो. छतातली खिडकी मधल्या आसावर फिरणारी असेल तर फिरवा, बाहेरची काच तुमच्याकडे येईल. तिच्यावर पांढरं कापड किंवा चंदेरी फॉइल घट्ट बसवा आणि पुन्हा फिरवून लावून टाका. छपरावर चढायचं नाही. हे लिहितोय कारण मंडळात तसे उत्साही लोक आहेत.

एका नळीचा फिरता एसी घेऊ नका. खोलीतली हवा तो नळीवाटे बाहेर फेकतो, तेवढीच हवा फटींतून आत येते, आणि ती गरम असते. शिवाय इथल्या खिडक्या बाहेरच्या बाजूला उघडतात, ती नळी बसवताना माणूस घामाघूम होतो ते वेगळंच.

— नाना


प्रेषक: क्रॉयडनची ताई

नाना, जुन्या घरांचं ठीक आहे, आमचं तर नवं कोरं फ्लॅटघर आहे आणि तिथेही तीच गत. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून नव्या घरांना जास्त तापू न देण्याचा नियम लागू झाला. आमच्या इमारतीला परवानगी त्याच्या जरा आधी मिळालेली. एजंटाने "दक्षिणेला तोंड" असं केवढ्या अभिमानाने सांगितलं होतं. गावाकडे दक्षिणमुखी घर म्हटलं की माणसं घासाघीस करतात, इथे त्याचे जास्त पैसे मोजले.

आणि दह्याचं वाचलंत का? लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी काचेला बाहेरून ग्रीक योगर्ट फासून पाहिलं. कडक उन्हात खोली साडेतीन अंशांपर्यंत गार राहिली म्हणे. वाळल्यावर वासही येत नाही. मी अजून धीर केलेला नाही. श्रीखंडाचा चक्का खिडकीला लावायचा, हे हातून होणार नाही.

— ताई


प्रेषक: रेडिंगकरांची आई, अकोला

सर्वांना नमस्कार. मुलाने मला या यादीत घातलं ते बहुधा तुमचे सल्ले वाचून माझी तयारी व्हावी म्हणून. वाचले सगळे. आता माझंही वाचा.

नानांचं बरोबर आहे. मी तीस वर्षांहून जास्त भूगोल शिकवला. शून्य सावलीच्या दिवशी अजूनही गच्चीवर बाटली उभी करून तिची सावली गायब झालेली पाहते. यंदा ती नातवंडांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. धाकटा म्हणाला, "आजी, बाटली हॅक झाली." बापा, काय बोलावं!

पंखा कुणाचाही आणा, पण दिवसभर खिडक्या उघड्या टाकून बसण्याचं आधी बंद करा. मुलगा फोनवर सांगतो, "आई, सगळ्या खिडक्या उघडल्या तरी उकडतंय." अरे, उघडल्या म्हणूनच. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊलाच दारं-खिडक्या लागतात आणि पडदे ओढले जातात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की मग उघडायच्या. रात्री तुमच्याकडे १९ अंश असतात, हे तर घबाड आहे. मेमध्ये आम्हाला पहाटे चारलाही ते मिळत नाही. खालच्या मजल्याची एक खिडकी आणि माळ्याची एक, अशा दोन रात्रभर उघड्या ठेवा. गरम हवा वरून आपली निघून जाईल.

क्रॉयडनच्या ताईंना सांगायचं, दही खा. काचेला चुना लावा. गच्चीला आम्ही तेच करतो.

आता सुट्टीचं. नातवंडांसाठीच येतोय, जीव आहे त्यांच्यावर. पण सहा आठवडे हा आकडा मी इथेच पहिल्यांदा वाचला. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे आम्ही दोघं स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला आणि तिथून स्काय बेटावर जाणार आहोत. बुकिंग फेब्रुवारीतच केलं, यांनी नकाशावर रेघा मारून झाल्या. एरवी दुपारी दीड ते अडीच मी कुणाचीच आजी नाही, तेव्हा माझा उर्दूचा ऑनलाइन वर्ग असतो, इथले संध्याकाळचे सहा. मुलांना जेवू घालून यांच्या ताब्यात देईन. हे त्यांना पत्त्यांतला मेंढीकोट शिकवतील. टीव्ही लावून दिला तर मला कळवा.

तर माळ्यावर पंखा नसला तरी चालेल, वायफाय पोचतं का ते बघून ठेव.

— आई


प्रेषक: रेडिंगकर

आई, हे सगळं मला फोनवर सांगता आलं असतं.

वायफाय जेमतेम पोचतं, बघतो काही तरी. मंडळी, ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांसाठी कुणाला बरा हॉलिडे क्लब माहीत आहे का? वय ७ आणि १०. खिडक्या आज नऊला लावल्या. बायको म्हणते, घर अंधारकोठडी झालंय, पण बैठकीच्या खोलीत २५ च्या वर गेलं नाही.


प्रेषक: लेस्टरची वहिनी

आईंचा मेल मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते आता म्हणतायत, आपणही स्कायला जाऊ. आई, जागा आहे का तुमच्या बसमध्ये?

क्लबसाठी शाळेच्या ऑफिसात आजच विचार. ऑगस्टच्या जागा आत्तापर्यंत भरत आलेल्या असतात. स्पोर्ट्सवाला मिळाला तर घेऊन टाक, मुलं दमून येतात.

पन्ह्याला कैऱ्या हव्या असतील तर मेल्टन रोडवर आल्या आहेत. येत्या रविवारी मी लंडनला येतेय, ज्यांना हव्यात त्यांनी गुरुवारपर्यंत कळवा. दोन किलोच्या वर एकाला मिळणार नाहीत, डिकी लहान आहे.


प्रेषक: मिल्टन कीन्सचे नाना

मला दोन किलो.

रेडिंगकरांच्या आईंना नमस्कार. वर्ग चुकवू नका. स्कायला ऑगस्टमध्ये मिज नावाची बारीक चिलटं झुंडीने येतात, संध्याकाळी वारा पडला की विशेष. आपल्या डासांची मलमं त्यांच्यावर किती चालतील शंकाच आहे. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घ्या आणि डोक्यावरून घ्यायची जाळी इन्व्हर्नेसमध्येच विकत घ्या, तिकडे ती सगळीकडे मिळते. आणि स्वेटर न्या. यजमानांना ३१ अंशांचं हसू आलं होतं ना, तिकडे १३ मध्ये कसं वाटतं ते जरूर कळवा.