मदत हवी आहे : आप्पांच्या टीव्हीवर थेट प्रक्षेपण सतत अडकते, नेमकी कोणती सेटिंग बदलावी?

नमस्कार मंडळी,

माझे माहेर बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव परिसरातील एका खेड्यात आहे. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेले सात महिने त्यांचे घराबाहेर पडणे जवळजवळ थांबले आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलने आयुष्यभर मांडवात पुढच्या रांगेत बसून ऐकलेल्या माणसाला आता जे काही ऐकायचे ते खाटेवर बसून, टीव्हीवरच ऐकावे लागते. रोज सायंकाळी सात ते नऊ या वेळेत ते यूट्यूबवर कीर्तनाचे थेट प्रक्षेपण लावतात आणि ते इतक्या वेळा अडकते की, निरूपणाचा धागा तुटून शेवटी ते टीव्ही बंद करून पडून राहतात. मी शहरात राहते आणि फक्त रविवारी गावी जाते, त्यामुळे मला जे काही करायचे ते एका दिवसात नीट समजून करावे लागेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

घरात ४० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. राउटर सोप्यात, दाराजवळच्या लोखंडी कपाटावर ठेवलेला आहे. आप्पांची खाट आणि टीव्ही माजघराच्या पलीकडच्या खोलीत आहेत, म्हणजे मध्ये दीड हात जाडीच्या दोन मातीच्या भिंती येतात. राउटरशेजारी मोबाइलवर वेग तपासला तर ३६ ते ३८ दिसतो. टीव्हीजवळ मात्र तो कधी १४, कधी ३ आणि एकदा तर १ च्याही खाली गेला. जोडणी करून देणाऱ्या मुलाने टीव्ही राउटरच्या दोन वाय-फाय नेटवर्कांपैकी ५ गिगाहर्ट्‌झच्या नेटवर्कवर जोडून दिला आणि हेच वेगवान आहे, यात बदल करू नका, असे सांगितले होते.

अडकते म्हणजे चित्र मध्येच थांबते, मध्यभागी गोल चक्र फिरत राहते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने पुढचे सुरू होते. माझ्या भाच्याने चित्र स्वच्छ दिसावे म्हणून क्वालिटी १०८०पी वर पक्की केली होती. मी ती ४८०पी वर आणली तेव्हा अडकणे बरेच कमी झाले, पण पडद्याच्या तळाशी येणाऱ्या अभंगाच्या ओळी आप्पांना वाचता येईनात, कारण एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. त्यांना त्या ओळींसकट कीर्तन हवे असते. याशिवाय मी अ‍ॅप अद्ययावत केले, कॅशे पुसली, टीव्हीतील न लागणारी तीन अ‍ॅप काढून जागा मोकळी केली आणि एका लेखात वाचून डीएनएसही बदलून पाहिले. फरक जाणवला नाही.

एक गोष्ट मात्र हाताशी आहे. आप्पांनी हजेरीपटासारखी एक वही घातली आहे. तीत तारखेखाली अशा नोंदी आहेत : "७.४२ थांबले, ७.४३ सुरू. ७.४९ थांबले, चौथा चरण ऐकायचा राहिला. ८.०५ थांबले, बुवा हसत होते, कशाला ते कळले नाही." ही शेवटची नोंद वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

माझी विचारणा अशी आहे. क्वालिटी 'ऑटो'वर सोडावी की एखाद्या आकड्यावर पक्की करावी? मोबाइलमधील अ‍ॅपमध्ये केलेली डेटा बचतीची सेटिंग टीव्हीलाही लागू होते का? आणि मुळात हा प्रश्न सेटिंगने सुटण्यासारखा आहे का, की दुसरे काही पाहायला हवे? हिवाळ्यात संमेलनांचे दिवस येतील, त्याआधी हे मार्गी लागावे अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद (निपाणीहून)

ताई, आपण इतक्या बारकाईने लिहिले आहे की निम्मे काम झालेच आहे. आधी ऑटोबद्दल सांगतो. व्हिडिओ एकसंध येत नाही, त्याचे काही सेकंदांचे छोटे छोटे तुकडे येतात आणि प्रत्येक तुकडा सर्व्हरवर निरनिराळ्या दर्जांत तयार असतो. ऑटोवर असताना अ‍ॅप मागचा तुकडा किती वेगाने आला हे पाहून पुढचा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवते. १०८०पी पक्के केले की ही मुभा संपते. मग वेग घसरला तरी तोच जड तुकडा मागवला जातो, साठा संपतो आणि चक्र फिरू लागते. म्हणून पक्का आकडा ठेवायचाच असेल तर तो नेहमी मिळणाऱ्या वेगाच्या बराच खाली असावा. यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे सलग मिळणारा वेग ४८०पी साठी १.१, ७२०पी साठी २.५ आणि १०८०पी साठी ५ एमबीपीएस असावा लागतो. 'सलग' या शब्दाला महत्त्व आहे. कधी १४ आणि कधी १ मिळणाऱ्या जोडणीची सरासरी कितीही चांगली निघाली तरी अडकायचे ते त्या १ च्या क्षणी अडकतेच.

मोबाइलवरच्या यूट्यूबमधील दर्जाची सेटिंग त्या मोबाइलपुरतीच असते, टीव्हीवर ती वेगळी करावी लागते. नेटफ्लिक्सचे तसे नाही. तेथे ब्राउझरमधून खात्यात जाऊन प्रोफाइलला 'मीडियम' ठेवले तर त्या प्रोफाइलवरून टीव्हीवर पाहतानाही तेच लागू होते आणि तासाला सुमारे ०.७ जीबी लागते. 'लो'ला सुमारे ०.३ जीबी लागते.

आपण चक्र फिरते असे लिहिले ते बरे केले. चक्र न फिरता चित्र नुसते झटके खात असेल, तर टीव्हीचा प्रोसेसर कमी पडत असतो आणि तो निराळा आजार आहे. डीएनएस पूर्वीसारखे करून टाका. ते फक्त पत्ता शोधून देते, व्हिडिओ वाहून आणणे हे त्याचे काम नाही.

आता वहीचा उपयोग करू या. थेट प्रक्षेपणात दोष पाठवणाऱ्याकडेही असू शकतो. मंदिरातून मोबाइल नेटवर प्रक्षेपण करणाऱ्याचा अपलोड अडखळला तर जगातील प्रत्येक प्रेक्षकाचे चित्र थांबते आणि तेथे आपल्या घरची कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही. तेच कीर्तन पाहणारे आणखी कोणी ओळखीचे असेल, तर त्यांनाही दोन-तीन दिवस वेळा टिपायला सांगा. सेकंद जुळणार नाहीत, कारण प्रत्येकाकडे प्रक्षेपण थोडे मागेपुढे असते, पण मिनिट जुळले तर दोष उगमाशी आहे असे समजा.

धागालेखिका

मनापासून आभार. येळ्ळूरचे आप्पांचे एक जुने सहशिक्षक तेच कीर्तन पाहतात. मी त्यांना फोन केला तर तेही लगेच वही घेऊन बसले आणि तीन दिवस दोघे रात्री साडेनऊला फोनवर वेळा ताडून पाहत होते. या निमित्ताने आप्पा कित्येक महिन्यांनी कोणाशी तरी इतका वेळ बोलले, हे येथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

निकाल असा : तीन दिवसांत आप्पांकडे ३१ वेळा थांबले, येळ्ळूरला फक्त ४ वेळा आणि त्या चारही वेळा आप्पांच्या यादीत मिनिटासह सापडल्या. म्हणजे उरलेल्या २७ आमच्याच घरच्या. त्यातही २२ नोंदी साडेसातनंतरच्या आहेत. वहीची मागची पाने चाळली तेव्हा रविवारी अडकणे फारच कमी असल्याचे दिसले. याचा अर्थ मला लागत नाही.

प्रतिसाद (खानापूरहून)

नमस्कार ताई. आमच्याकडे जांभ्या चिऱ्याची जुनी घरे आहेत, त्यामुळे भिंतीचा हा त्रास मी चांगला ओळखतो. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असते हे खरे, पण ते एकाच खोलीत किंवा पातळ भिंतीपलीकडे. जाड मातीच्या दोन भिंती ओलांडताना त्याचा जीव जातो. २.४ गिगाहर्ट्‌झचा कमाल वेग कमी असला तरी ते भिंतीतून अधिक तग धरते आणि आपल्याला ७२०पी साठी लागतातच किती? टीव्ही २.४ वर घ्या. त्या नेटवर्कचे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांच्या राउटरने न वापरलेले ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. राउटर लोखंडी कपाटावरून काढून माजघराच्या दाराच्या रेषेत, डोक्याच्या उंचीवर लावा. लोखंड लहरी अडवते आणि परतवते.

साडेसातचे कोडे मला असे वाटते : त्या वेळी घरी कोण येते? येणाऱ्याचा मोबाइल वाय-फायला लागताच दिवसभरातील फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढवू लागतो. तो माणूस राउटरपासून दूर, परड्याच्या बाजूला बसत असेल तर त्याचा मोबाइल मंद गतीने बोलतो, हवेतील बराचसा वेळ एकटाच अडवून ठेवतो आणि शेजारच्या टीव्हीच्या वाट्याला उरलेसुरले येते. रविवारी ती व्यक्ती घरी नसते का, तेवढे पाहा.

खात्रीचा उपाय विचाराल तर तो म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत ओढलेली तार. लॅनची तार १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि आपल्या कौलारू घरांत भिंतीला भोक पाडावे लागत नाही, भिंतीचा माथा आणि कौले यांमधील फटीतून ती माळ्यावरून नेता येते. टीव्हीचे लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचे असते, ते पुरेसे आहे. सिग्नल वाढवणारा स्वस्त रिपीटर मात्र शक्यतो घेऊ नका, कारण एकाच बँडवर चालणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो आणि वेग जवळजवळ निम्मा होतो.

थेट प्रक्षेपणासाठी आणखी एक युक्ती आहे. अगदी आताच्या क्षणावर राहिले की अ‍ॅपजवळ साठा करायला पुढचे काही नसतेच, कारण ते अजून घडलेले नसते. सुरुवातीलाच मिनिटभर पॉज करून मग पाहत राहिले, तर त्या मिनिटाचा साठा हाताशी राहतो. फक्त पुन्हा 'लाइव्ह'चे बटण दाबायचे नाही.

धागालेखिका

कालचा रविवार यातच गेला. साडेसातचे कोडे सुटले : माझा भाचा त्याच वेळी कॉलेजातून आणि क्रिकेटच्या सरावातून घरी येतो आणि परड्याकडच्या पडवीत बसतो. त्याच्या मोबाइलमध्ये फोटो-व्हिडिओंचा बॅकअप आपोआप चालू होता. रविवारी तो सामन्यांना बाहेरगावी असतो. त्याला जेव्हा वही दाखवली तेव्हा तो काही न बोलता बराच वेळ वाचत बसला आणि त्याने स्वतःहून आपोआप होणारा बॅकअप बंद केला. आता तो झोपण्यापूर्वी सोप्यात बसून हाताने करतो.

राउटर माजघराच्या दारावर खुंटीला टांगला, टीव्ही २.४ वर घेतला आणि क्वालिटी ऑटोवर सोडली. निपाणीच्या दादांनी ऑटोचे कारण समजावल्यामुळे मी मग टीव्हीवरील यूट्यूबमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' ही तांत्रिक आकडे दाखवणारी चौकट उघडून पाहिली. आधी 'बफर हेल्थ', म्हणजे पुढचा किती सेकंदांचा साठा हाताशी आहे ती नोंद, दोन-तीन सेकंदांवरून शून्यावर येत असे. मिनिटभर पॉज करून सुरू केल्यावर ती वीस सेकंदांच्या खाली गेली नाही. दर्जा बहुतेक वेळ ७२०पी राहिला आणि अभंगाच्या ओळी आप्पांनी मोठ्याने वाचून दाखवल्या. भाचा घरी असतानाच्या तीन संध्याकाळी पाहून पुन्हा कळवीन. तारेचे कामही ठरवले आहे, फक्त पावसाळ्यापूर्वी कौले फिरवायची आहेत तेव्हाच ती ओढून घेऊ.

एक शेवटची शंका. मिनिटभर मागे राहून पाहायचे असेल, तर येळ्ळूरच्या गुरुजींना आप्पांच्या आधी सगळे ऐकू येणार. संमेलनाच्या दिवशी दोघे फोन चालू ठेवून एकत्र ऐकायचे म्हणत आहेत. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद (खानापूरहून)

उपाय सोपा आहे. गुरुजींनीही तेवढाच पॉज घ्यावा. दोघांनी फोनवर बोलत बोलत ग्रंथदिंडीतील एखादा क्षण निवडावा, उदाहरणार्थ पालखी मांडवाच्या दारात येते तो, आणि ज्याचे पुढे असेल त्याने तेथे थांबवून दुसऱ्याचे तेथवर येईपर्यंत वाट पाहावी. दिंडीत बरीच माणसे हलत असल्याने तिला बसून चाललेल्या भाषणापेक्षा जास्त डेटा लागतो, म्हणून ही जुळवाजुळव दिंडीतच झाली की भाषणांना अडचण येणार नाही. तीन दिवसांनंतरच्या नोंदी मात्र अवश्य कळवा.