अल्चिबा पाच दिवस जळून वाचलं, फोर्ट स्टिकिन दोन तासांत का गेलं?

मस्जिद_बंदर
१४ एप्रिल जवळ आला की फोर्ट स्टिकिनचा, म्हणजे १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत पेटून उडालेल्या मालवाहू जहाजाचा, विषय निघतो आणि त्यावरच्या सोन्याच्या विटांवर येऊन संपतो. माझा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकी नौदलाचं ‘अटॅक कार्गो’ (हल्ल्याच्या वेळी सैन्याचा माल किनाऱ्यावर उतरवणारं) जहाज अल्चिबा २८ नोव्हेंबर १९४२ ला पॅसिफिकमधल्या ग्वादलकॅनाल बेटाच्या लुंगा पॉइंटला टॉर्पेडो लागून पेटलं. २ नंबरचा होल्ड (जहाजाच्या पोटातली माल ठेवायची जागा), आत पेट्रोलची पिंपं आणि दारूगोळा. ज्वाळा १५० फूट उंच. तरी वाचलं. फोर्ट स्टिकिनवरही २ नंबरचाच होल्ड पेटला. टॉर्पेडो नाही, शत्रू नाही, बाजूला बंब उभे, तरी गोदी उडाली. फरक माल भरण्यात होता का? अटॅक कार्गोची भरणी वेगळी असते म्हणजे नेमकं काय? शिवाय अल्चिबाच्या एकेए-६ या क्रमांकाने १९४२ च्या नोंदी शोधल्या तर हाती काहीच लागत नाही.

डेरिक
शेवटचं आधी. एकेए ही वर्गवारीच १ फेब्रुवारी १९४३ पासूनची. त्याआधी अल्चिबा एके-२३ होतं, त्याच क्रमांकाने शोधा. १९३९ ला ते मॉर्मॅकडव्ह या व्यापारी नावाने पाण्यात उतरलं आणि १५ जून १९४१ ला नौदलात दाखल झालं. वॉर डायरी (मोहिमेचा गोषवारा) आणि डेक लॉग (जहाजाची रोजची नोंदवही) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांचे गटही वेगळे: डायरी ३८ मध्ये, लॉग २४ मध्ये. तासातासाची हालचाल हवी असेल तर लॉगच बघा.

आता भरणी. व्यापारी जहाजात एकच हिशोब: घनफूट वाया जाऊ द्यायचा नाही. हल्ल्याच्या जहाजात किनाऱ्यावर जे शेवटी लागणार ते सगळ्यात तळाला आणि पहिल्या तासात लागणारं हॅचच्या, म्हणजे होल्डच्या वरच्या झाकणाच्या, तोंडाशी. शिवाय एकाच प्रकारचा सगळा माल एका होल्डमध्ये ठेवत नाहीत, कारण तो होल्ड गेला तर किनाऱ्यावरच्या तुकडीचं ते सामानच संपलं. म्हणून प्रत्येक होल्डमध्ये थोडं अन्न, थोडं इंधन, थोडा दारूगोळा. जागा भरपूर वाया जाते, पण इलाज नाही.

जुलै १९४२ मध्ये, ग्वादलकॅनालच्या हल्ल्याआधी, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या धक्क्यावर अमेरिकी मरीन सैनिकांना व्यापारी पद्धतीने आलेला माल उतरवून पुन्हा असाच भरावा लागला. पाऊस थांबेना, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झाला. जागा पुरेना म्हणून रसद ९० ऐवजी ६० दिवसांची केली.

आणखी एक मेख. मोठ्या होड्या हॅचच्या झाकणांवरच रचलेल्या असतात. जड डेरिकने (जहाजावरच्या यारीने) त्या पाण्यात सोडल्याशिवाय खालचा होल्ड उघडत नाही. त्या डेरिकची दोर ओढणारी एक विंच अडली की खालचा सगळा माल अडकला. आणि सगळं सुरळीत झालं तरी घोळ किनाऱ्यावर होतो: ७ ऑगस्टला ग्वादलकॅनालवर माल उचलायला माणसंच कमी पडली, १०० होड्या वाळूला लागलेल्या आणि ५० मागे ताटकळत.

पाणबंब
म्हणजे ‘अल्चिबाची भरणी सुरक्षित होती म्हणून वाचलं’ हे उत्तर बाद. पेट्रोल आणि दारूगोळा एका होल्डमध्ये, याला सुरक्षित कोण म्हणेल?

खरा फरक कापसाचा. फोर्ट स्टिकिनमध्ये सुमारे १,३९५ टन स्फोटकं होती. कराचीला विमानं वगैरे उतरल्यावर मोकळी झालेली जागा सुमारे ८,७०० गासड्यांनी भरली. २ नंबरमध्ये खाली कापूस आणि वरच्या मधल्या डेकवर स्फोटकं. दाबून बांधलेल्या गासडीच्या आत हवा असते, ती आतल्या आत धुमसते आणि वरून ओतलेलं पाणी गाभ्यापर्यंत जात नाही. त्यात कापूस तरंगतो. म्हणजे होल्डमध्ये ९०० टनांहून जास्त पाणी सोडलं तेव्हा विस्तव विझण्याऐवजी वर सरकत स्फोटकांच्या जवळ गेला. डाव्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग फुगून फोड येत होते; आगीची जागा नेमकी तीच. तिथे भोक पाडायला गॅस कटर आणला, तो चालला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट.

अशा आगीत हॅच बंद ठेवून हवा तोडायची, भोवतीचे पत्रे थंड ठेवायचे आणि स्फोटकं आधी बाहेर काढायची. नुसता पाण्याचा मारा म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. त्यात ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या हिमतीबद्दल प्रश्नच नाही.

मस्जिद_बंदर
मग जहाज बुडवायचं तरी होतं!

डेरिक
व्हिक्टोरिया हे दरवाजाने पाणी कोंडणारं डॉक. तिथे जहाज तळाला टेकलं असतं, वरचा मधला डेक पाण्याबाहेरच राहिला असता. बाहेर ओढून न्यायचं तर निर्णय कोण घेणार? कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा अधिकारी, अग्निशमन दलाचा प्रमुख, सगळे धक्क्यावर हजर, पण सगळ्यांवर हुकूम चालेल असा एकही नाही.

अल्चिबावर कप्तान फ्रीमन एकटा मालक. टॉर्पेडो लागताच त्याने इंजिन चालू करून जहाज सरळ वाळूत घुसवलं. आता ते बुडणार नव्हतं. आग आटोक्यात यायला पाच दिवस लागले, पण बराचसा माल निघाला. ७ डिसेंबरला इंजिनरूमजवळ दुसरा टॉर्पेडो बसला, ३ जण गेले, तरी २७ डिसेंबरला ते जवळच्या तुलागी बेटाकडे निघालं. मोठी दुरुस्ती पुढे कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंडला, जून १९४३ पासून.

पाणबंब
लॉगमध्ये २८ तारखेचं पान आधी काढा. टॉर्पेडो सकाळी सव्वासहाच्या सुमाराचा आहे. तिथून वाळूला लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते मोजा आणि शेजारी फोर्ट स्टिकिनचे दुपारी दोन ते चार वाजेपर्यंतचे तास मांडा.