प्रतिसाद: पन्हळीची जाळी आणि वणवा

पानं आत जाऊ नयेत म्हणून छपराच्या पन्हळीवर बसवायची प्लास्टिकची जाळी स्वस्त आणि कापायला सोपी, हे वरच्या लेखात लिहिलंय ते खरंच. पण ऑस्ट्रेलियात झाडीला लागून घर असेल तर ती नकोच. वणव्याच्या भागातल्या बांधकामासाठी तिथलं एएस ३९५९ हे मानक आहे, त्यात पन्हळीची जाळी न जळणारी हवी, असं आहे. झरोक्यांच्या जाळीला २ मिमी छिद्राची मर्यादा आहे, तीच इथेही धरावी. ठिणग्या फार बारीक असतात हो.

एक मुद्दा राहिला. मजबूत म्हणून स्टेनलेस स्टील घेताना छपराचा पत्रा बघा. जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असेल तर ओल धरली की जाळी टेकते तिथला मुलामा आधी खाल्ला जातो. अशा पत्र्यावर अ‍ॅल्युमिनियमची जाळी बरी. आणि जाळी लावली तरी वर साचलेली निलगिरीची वाळकी पानं उन्हाळ्याआधी झाडावीच लागतात.